केळकर, कुलकर्णी आणि के-४२६

मंडळी, गेल्या महिन्यात कऱ्हाडहून मामेभावाचा फोन आला. दुकानाचा माळा साफ करताना त्याला बुटांचं एक खोकं सापडलं होतं. आत चार साडेतीन इंची फ्लॉप्या आणि त्यातल्या एकीवर माझ्या अक्षरात 'गिऱ्हाईक - जपून ठेवणे'. "टाकू का ठेवू?" असं त्याने विचारलं. "ठेव बाबा," म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी नुसताच बसून होतो. त्या फ्लॉपीत काय असणार ते मला माहीत होतं, आणि त्या फायलीपायी एका बाईंचं मनगट मोडलं होतं हेही माहीत होतं. ती हकीकत शेवटी सांगतो. त्याआधी ही 'गिऱ्हाईकांची यादी' नावाची चीज आली कुठून ते बघू, कारण ती हकीकत नीट कळायला हा इतिहास लागतो. (शनिवारचा लेख आहे, घाई कुणाला आहे?)

मामाचं चष्म्याचं दुकान. १९९६ च्या दिवाळीत मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि फॉक्सप्रो शिकून आलो होतो. म्हणजे अंगात किती वारं भरलं असेल विचार करा. दुकानात तात्या नावाचे जुने गृहस्थ होते, मामाच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. गिऱ्हाईकांची नोंद त्यांच्याकडे. पोस्टकार्डाएवढी कार्डं आणि ती ठेवायला बिस्किटांचे पत्र्याचे डबे. आडनावाप्रमाणे लावलेली असतील असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतंच. एक डबा सोमवार पेठ, एक शनिवार पेठ, एक ओगलेवाडी, एक मसूर-उंब्रजकडचा. डब्यात गल्लीप्रमाणे, गल्लीत घराप्रमाणे. प्रत्येक कार्डावर नाव, दोन्ही डोळ्यांचे नंबर, तारखा आणि खाली पेन्सिलीने काहीबाही. 'मास्तरांची धाकटी सून.' 'उधारी विचारू नये, आपणहून देतात.' 'डावा डोळा लहानपणी लागला आहे.'

मला ते सगळं अडाणीपणाचं वाटलं. इंडेक्स नाही, की नाही, काही नाही!

आता गंमत बघा. अशीच रचना मी त्याआधी एकदा पाहिली होती आणि तेव्हा तोंडात बोट घातलं होतं. आजीबरोबर त्र्यंबकेश्वरला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी आधी मूळ गाव विचारलं, मग आडनाव. आत गेले आणि पाच-सात मिनिटांत लाल कापडात बांधलेली लांबट वही घेऊन आले. त्यात माझ्या पणजोबांची सही! मोडीत. पणजोबा कुणाबरोबर आले होते, मुलं किती, भाऊ कोण, सगळं. आजी ढसाढसा रडली. गुरुजींनी वही पुढे केली आणि म्हणाले, आता तुम्ही लिहा.

तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यांच्या या नामावळ्या म्हणजे आपल्याकडची गिऱ्हाईकांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात टिकाऊ यादी, असं माझं मत आहे. (गिऱ्हाईक म्हटल्याबद्दल गुरुजींची क्षमा मागतो, यजमान म्हणू.) त्र्यंबक, नाशिक, हरिद्वार, गया, सगळीकडे हा प्रकार आहे. प्रत्येक उपाध्यायाच्या घराण्याकडे ठरलेली गावं किंवा आडनावं. नोंद शोधायची ती गाव आणि कुळ यांच्या जोडीने. नुसत्या आडनावावर शोधायला गेलात तर महाराष्ट्रात कुलकर्णी किती आणि पाटील किती! गाव जोडलं की प्रश्न मिटतो. आम्ही लोक याला कंपोझिट की म्हणतो आणि ती शोधून काढल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या वह्यांत काही खोडत नाहीत. माणूस गेला तर पुढच्या पिढीने येऊन खाली 'अमुक वारले' असं लिहायचं. नोंदीवर नोंद वाढत जाते, जुनी तशीच राहते. आणि या वह्यांना किंमत होती, अगदी पैशातली. यजमानकृत्य ही वंशपरंपरेने चालणारी वृत्ती. भावाभावांत वाटण्या व्हायच्या तेव्हा वह्यांच्याही व्हायच्या. अशा वृत्तींचे दावे इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांपुढे आले, तेव्हा कोर्टांनी या वृत्तीला चक्क स्थावर मालमत्तेसारखं मानलं. म्हणजे घर, शेत आणि यजमानांची यादी एका रांगेत! कस्टमर डेटा ही मालमत्ता आहे असं हल्लीचे कन्सल्टंट प्रेझेंटेशन करून सांगतात, तेव्हा मला हसू येतं. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्म करून घेतली. त्यांना किंमत कळली होती.

व्यापाऱ्याची पद्धत वेगळी. त्याच्याकडे कीर्द-खतावणी. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरायचं आणि मग रात्री दिवा लावून प्रत्येकाच्या नावाच्या पानावर, म्हणजे खतावणीत, नेऊन टाकायचं. 'अमक्याचं खातं आपल्याकडे आहे' याचा मूळ अर्थ अमक्याच्या नावाचं एक पान आपल्या वहीत आहे. पण ते पान पैशाचं. किती नावे, किती जमा. माणूस कोण, त्याच्या डोळ्याचा नंबर काय, हे खतावणीत बसत नाही. ते मालकाच्या नाहीतर तात्यांच्या डोक्यात. लक्ष्मीपूजनाला वही पूजतात, तात्यांना कोण पूजणार?

पाश्चात्त्यांकडे हे 'डोक्यातलं' कागदावर आणायचं काम कार्डांनी केलं. वहीत मधे पान घालता येत नाही, ही वहीची मोठी अडचण. सुट्या चिठ्ठ्या हा त्यावरचा उपाय. वनस्पतींची नावं लावणारा लिनियस अठराव्या शतकात चिठ्ठ्यांवर काम करायचा. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची ग्रंथालयं सरकारजमा झाली आणि १७९१ मध्ये त्यांची यादी करायचं फर्मान निघालं, तेव्हा कार्डं म्हणून चक्क पत्ते वापरले. एका बाजूला बदामची राणी आणि मागच्या कोऱ्या बाजूला पुस्तकाचं नाव! पुढे अमेरिकेत मेल्विल ड्यूईने (तोच, ग्रंथालयातल्या दशांश वर्गीकरणाचा) १८७६ मध्ये लायब्ररी ब्यूरो नावाची कंपनी काढली. ठरावीक मापाची कार्डं आणि त्यांची लाकडी कपाटं विकायची. ग्रंथालयांसाठी सुरू केली, पण थोड्याच वर्षांत बँका आणि विमा कंपन्या गिऱ्हाईक झाल्या. पुस्तकाच्या जागी माणूस आला, बाकी कार्ड तेच.

आता इथून एक धागा निघतो, तो मला फार आवडतो. ही लायब्ररी ब्यूरो १९२० च्या दशकात रँड कार्डेक्स या कार्डंच विकणाऱ्या कंपनीत गेली. रँड कार्डेक्सची १९२७ मध्ये रेमिंग्टन रँड झाली, टाइपरायटरवाली रेमिंग्टन. रेमिंग्टन रँडने १९५० मध्ये एकर्ट आणि मॉकली यांची कंपनी घेतली आणि त्यातून युनिव्हॅक हा कॉम्प्युटर बाजारात आला. आणि कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, युनिव्हॅक ११०८ वर जेपीएलडीआयएस नावाचा माहिती साठवायचा एक प्रोग्रॅम होता. तो बघूनच एका माणसाने घरच्या घरी दुसरा लिहिला. तोच आपला डीबेस. म्हणजे ड्यूईच्या कार्डाच्या कपाटापासून मामाच्या दुकानातल्या फॉक्सप्रोपर्यंत सरळ रस्ता आहे, वाटेत एकदाही गाडी बदलावी लागत नाही.

तो माणूस वेन रॅटलिफ. मंगळावर गेलेल्या व्हायकिंग यानांच्या कामासाठी त्याने प्रोग्रॅम लिहिले होते, पण डीबेसचा जन्म मंगळामुळे झाला नाही, सट्ट्यामुळे झाला! ऑफिसात अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवर पैसे लावायची पद्धत होती. रॅटलिफला वाटलं, आकडे नीट मांडले तर आपण जिंकू. पेपरमधले आकडे घेऊन जमिनीवर कागद पसरून बसला आणि लक्षात आलं की हे हाताने होणारं काम नाही. घरी एम्साई ८०८० हा जोडणी करून बनवायचा कॉम्प्युटर होता. १९७८ मध्ये त्यावर असेंब्ली भाषेत लिहायला लागला. नाव ठेवलं व्हल्कन, 'स्टार ट्रेक'मधल्या मिस्टर स्पॉकचं कूळ. १९७९ मध्ये 'बाइट' मासिकात जाहिरात दिली. ऑर्डरी आल्या की स्वतःच फ्लॉप्या कॉपी करायच्या, स्वतः पॅक करायच्या, स्वतः बिलं करायची. थोड्या दिवसांत दमला. मग जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी तो विकायला घेतला.

विकण्याचं डोकं टेटचं. नाव बदलून डीबेस टू केलं. डीबेस वन कधी नव्हताच! 'टू' म्हटलं की लोकांना वाटतं पहिल्यातल्या चुका सुधारल्या असतील. कंपनीचं नाव अ‍ॅश्टन-टेट. अ‍ॅश्टन नावाचा कुणी भागीदार नव्हता, कानाला बरं वाटतं म्हणून. किंमत ६९५ डॉलर. त्या पैशांत काय मिळायचं? एका नोंदीत फार तर ३२ रकाने, एका फायलीत फार तर ६५,५३५ नोंदी, आणि एका वेळी दोनच फायली उघडता यायच्या. स्क्रीनवर काय? एक टिंब. नुसतं टिंब, आणि पुढे तुमचा हुकूम. त्या टिंबासमोर बसून अमेरिकेतले दातांचे डॉक्टर, गॅरेजवाले, चर्चचे कारकून यांनी आपापल्या याद्या केल्या. याआधी माहिती साठवणं हे मोठ्या कंपनीच्या मोठ्या मशीनचं काम होतं. एडगर कॉडने १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला तोही मोठ्या, सामायिक माहितीसाठ्यांसाठी. छोट्या दुकानदाराकडे बघितलं ते या सट्टेबाजाने. (शास्त्रशुद्ध रिलेशनल नव्हता म्हणून विद्वान लोक नाकं मुरडत. मुरडोत.)

पुढची भाऊबंदकी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्या कंपन्यांची सारखीच असते. १९८४ मध्ये टेट चाळिशीतच हार्ट अटॅकने गेला. १९८८ मध्ये आलेला डीबेस फोर चुकांनी बुजबुजलेला निघाला. त्याच वर्षी कंपनीने ओहायोच्या फॉक्स सॉफ्टवेअरवर आमची नक्कल करता म्हणून दावा ठोकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीशाने उलट अ‍ॅश्टन-टेटचाच कॉपीराइट रद्द ठरवला. कारण काय, तर तुमचा प्रोग्रॅम मुळात जेपीएलच्या सार्वजनिक प्रोग्रॅमवरून बेतला होता हे तुम्ही सांगितलंच नाही! निकाल नंतर त्यांनीच फिरवला, पण तोवर वेळ गेली होती. १९९१ मध्ये बोरलँडने अ‍ॅश्टन-टेट घेतली, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स घेतली. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं.

आपल्याकडे ही मंडळी आली ती १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधींच्या सरकारने कॉम्प्युटर धोरण सैल केलं त्यानंतर. १९८६ मध्ये बंगलोरला गोएंका पितापुत्रांनी जे सुरू केलं त्याचं पुढे टॅली झालं आणि हिशेबाची खतावणी तिकडे गेली. माणसांची खतावणी मात्र गल्लोगल्लीच्या क्लासमधून डीबेस-फॉक्सप्रो शिकून आलेल्या माझ्यासारख्या पोरांच्या हाती पडली. दिवाळीच्या सुट्टीत दुकान कॉम्प्युटराइज करून देतो म्हणणाऱ्या भाच्यांची एक पिढीच होती. तुमच्यापैकी काहींनी हे पाप केलं असेलच :-)

पाप अशासाठी म्हणतो की मराठी माणसांची यादी या यंत्रात घालणं हे मुळातच अवघड काम होतं. देवनागरीसाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड मिळायचं, पण ते मामाच्या खिशाबाहेरचं. म्हणून नावं रोमन लिपीत. मग साठे आणि साठये यांचं स्पेलिंग टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर. शिर्के कुणी एक आयने लिहिणार, कुणी दोन ईने. फोन नंबर हे ओळखीचं साधन म्हणावं तर निम्म्या नंबरांपुढे 'पीपी'. नव्या मुलांना सांगतो, पीपी म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. वाड्यात एकाकडे फोन आणि दहा घरांच्या कार्डांवर तोच नंबर. त्यातून ते नंबर बदलायचे. पुण्याचा ०२१२ जाऊन ०२० आला, आकडे वाढले, मग प्रत्येक नंबराच्या आधी २ लागला. ज्यांनी पुण्यातली यादी सांभाळली त्यांनी त्या काळात किती वेळा ती दुरुस्त केली ते त्यांनाच विचारा.

सगळ्यात भरवशाचा रकाना होता पिनकोड, आणि तो एका मराठी माणसाची देणगी आहे हे फार जणांना माहीत नसतं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे तुमचं पोस्ट. एकाच नावाची दहा-दहा गावं, प्रत्येकाची लिपी वेगळी, अक्षर वेगळं, अशा देशात पत्र वर्गवारी करणाऱ्याला आकडा वाचता आला की पुरे. कऱ्हाड ४१५११०. माझ्या फायलीत हा रकाना पहिल्या दिवसापासून होता, पण गिऱ्हाईकं सगळी त्याच दोन-चार पिनकोडांतली, त्यामुळे माणूस शोधायला त्याचा शून्य उपयोग.

तर, यादी झाली. दिवाळीत आणि मग नाताळात मिळून दोन हजारांवर कार्डं आम्ही भरली. तात्या वाचायचे, मी टाइप करायचो. पेन्सिलीतल्या ओळी आल्या की मी म्हणायचो, "तात्या, ते राहू द्या. त्याला रकाना नाही." फॉक्सप्रोत लांब मजकुराला मेमो फील्ड असतं. मी ते घेतलं नाही, कारण त्याची वेगळी फाईल होते आणि डिस्कवर जागा खाते. तात्या क्षणभर थांबायचे, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि पुढचं कार्ड घ्यायचे. मला लहानपणापासून कडेवर घेतलेला माणूस, रागावले असते तर ऐकलं असतं कदाचित. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच मामाला म्हटलं, आता या डब्यांचं काय काम? कार्डं रद्दीत गेली. डबे मामीने डाळींना घेतले.

त्याच उन्हाळ्यात मी यादीतली डबल नावं काढायला घेतली. आणि इथे येतो के-४२६.

१९१८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रसेलने एका पद्धतीचं पेटंट घेतलं, मार्गारेट ओडेलच्या सोबतीने पुढे ती सुधारली. साउंडेक्स. नाव कसं लिहिलंय ते बघायचं नाही, कसं ऐकू येतं ते बघायचं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे, बाकीच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, जवळच्या उच्चारांना एकच आकडा, आणि तीन आकडे झाले की थांबायचं. १९३० च्या दशकात अमेरिकेत सोशल सिक्युरिटी पेन्शन आली. जन्माचे दाखले नसलेल्या म्हाताऱ्यांनी वय कसं सिद्ध करायचं? म्हणून १८८० च्या जनगणनेतली लहान मुलं असलेली घरं साउंडेक्सने कार्डांवर लावून काढली. स्मिथ आणि स्माइथ एका ठिकाणी सापडायला हे उत्तम आहे. पूर्व युरोपातल्या ज्यू नावांवर ते गडबडतं असं दिसल्यावर १९८५ मध्ये डाइच आणि मोकोटोफ यांनी त्या नावांसाठी वेगळी पद्धत केली. म्हणजे अडचण जगाला माहीत होती. मला नव्हती. मला एवढंच माहीत होतं की फॉक्सप्रोत साउंडेक्सचं फंक्शन तयार मिळतं.

आता हातात पेन घ्या आणि करून बघा. केळकर, इंग्रजी स्पेलिंगने: पहिलं अक्षर के, मग एलचे ४, दुसऱ्या केचे २, आरचे ६. के-४२६. कुलकर्णी: के, एलचे ४, केचे २, आरचे ६, तीन झाले, थांबा. के-४२६! जोशी आणि जोग, दोघंही जे-२००. अमेरिकेतल्या स्मिथसाठी केलेल्या चाळणीत आपलं अर्धं गाव एका भोकातून खाली पडतं.

माझा नियम असा होता: साउंडेक्स एक, नावाचं पहिलं अक्षर एक, फोन नंबर एक, तर माणूस एक. ज्याची तारीख नवी ती नोंद ठेवायची, जुनी उडवायची आणि जुना गिऱ्हाईक क्रमांक टाइप केला की नवी नोंद उघडेल अशी सोय करायची. सोय करायला विसरलो असतो तर बरं झालं असतं. शनिवार पेठेतल्या एका वाड्यात खाली स. कुलकर्णी राहायच्या, वर स. केळकर. फोन खाली. वर पीपी.

डीबेसच्या घराण्यात नोंद उडवणं दोन पायऱ्यांत होतं, आणि ही रचना ज्याने केली त्याला मी आजही नमस्कार करतो. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक अक्षराची मोकळी जागा असते. डिलीट म्हटलं की तिथे फक्त एक चांदणी बसते. नोंद जिथल्या तिथे असते, रिकॉल म्हटलं की चांदणी जाते. पण पॅक म्हटलं की चांदणीवाल्या सगळ्या नोंदी कायमच्या गेल्या. मी डिलीट केलं, एका मित्राला दाखवायला फाईल फ्लॉपीवर घेतली, आणि घरी येऊन पॅक केलं. फाईल किती सुटसुटीत झाली म्हणून मामाला कौतुकाने दाखवलंही.

१९९७ च्या पावसाळ्यात केळकर बाई, शाळेत शिक्षिका, एसटीत चष्मा विसरल्या. चष्मा असता तर मशीनवर धरून नंबर काढता आला असता. डॉक्टरांचा कागद जुना, कुठेतरी गेलेला. पण दुकानात नोंद आहे ना! बाईंनी जुन्या पावतीवरचा क्रमांक भाच्याबरोबर पाठवला. तात्या त्या दिवशी लग्नाला गेलेले. दुकानातल्या नव्या मुलाने क्रमांक टाइप केला, स्क्रीनवर नाव आलं कुलकर्णी. त्याला वाटलं माहेरचं असेल. कॉम्प्युटर दाखवतोय म्हणजे बरोबरच. दोघींचे नंबर तसे जवळपास होते, अगदी वेगळे असते तर बाईंनी चष्मा लावताक्षणी परत पाठवला असता. फरक होता तो सिलिंडरच्या अ‍ॅक्सिसचा. एकीचा उभा, एकीचा आडवा. अशा चष्म्यातून अक्षर दिसतं, पण डोकं दुखतं आणि जमीन तिरकी भासते. बाईंना वाटलं नवा चष्मा आहे, सवय होईल. आठव्या दिवशी वाड्याच्या ओल्या जिन्यावर पायरी चुकली. उजवं मनगट मोडलं, आणि सहामाहीचे पेपर तोंडावर.

मामा मला काही बोलला नाही. मला घेऊन त्यांच्याकडे गेला. बाईंनी डाव्या हाताने चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, "मग माझी नोंद गेली कुठे?" मी साउंडेक्स समजावून सांगायला लागलो. मामाने गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं आणि म्हणाला, "चूक आमची आहे, बाई." परत येताना तात्या एवढंच म्हणाले की त्या कार्डावर लिहिलं होतं. काय लिहिलं होतं? 'शाळेतल्या केळकर बाई. कुलकर्ण्यांच्या वर राहतात, घोटाळा करू नये.'

दुसऱ्या दिवशी तात्यांनी कोरी कार्डं आणली. मामीकडून दोन डबे परत मागून घेतले.

मामेभावाने पाठवलेली फ्लॉपी मी यूएसबीचा ड्राइव्ह आणून लावली. तीनदा कुरकुरली, चौथ्यांदा वाचली. ती मित्राला दाखवायला घेतलेलीच फाईल, पॅकच्या आधीची. साध्या एडिटरमध्ये उघडली तर नोंदी एकापुढे एक ओळीने दिसतात आणि मधेच कुठेतरी चांदणी. मी मोजल्या, ४७ निघाल्या. एकोणतिसावी केळकर. नंबर, अ‍ॅक्सिस, तारीख, सगळं जागेवर.

भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बाई अजून शनिवार पेठेतच आहेत, वाडा पाडून झालेल्या बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचा चष्मा लागत नाही त्यांना.